दुखतंय पायात, सुई कंबरेत

नेरूळच्या एका हॉस्पिटलात मी सी-आर्म चालवते. सी अक्षराच्या आकाराचं ते एक्स-रे मशीन, एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला चित्र पकडणारा गोल डबा, आणि मधल्या पोकळीत टेबलावर पेशंट. मी रेडिओग्राफर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण कण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देताना सुई कुठवर गेली हे डॉक्टरांना ज्या पडद्यावर दिसतं त्याच पडद्यावर मलाही दिसतं. रोज तेच बघून बघून माणसाची काही मतं बनतातच.

त्यामुळे सोसायटीत, लग्नाकार्यात, अगदी ठाणे-नेरूळ लोकलच्या लेडीज डब्यातही माझ्यापुढे एमआरआयचे लिफाफे उघडले जातात. प्रश्न ठरलेला. "ताई, यात तीन प्रकार असतात म्हणे. ट्रान्सफोरॅमिनल, इंटरलॅमिनर आणि ते कॉडल. चांगलं कुठलं?" ऐरोलीला विचारलं की घणसोलीच्या आत उत्तर हवं असतं.

मी उलट विचारते, कळ पायात कुठवर जाते? या प्रश्नाचा बऱ्याच जणांना राग येतो. रिपोर्ट दिलाय ना हातात, मग आणखी काय? पण रिपोर्टात मणक्यांमधल्या तीन-तीन, चार-चार गाद्या, म्हणजे डिस्क, फुगलेल्या लिहिलेल्या असतात आणि छळणारी त्यातली एखादीच असते. पन्नाशीच्या माणसाचा, ज्याचं काहीही दुखत नाही अशाचासुद्धा एमआरआय काढला तरी त्यात फुगलेल्या गाद्या सहज सापडतात. नस कुठली ते पाय सांगतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूने उतरून पावलावरून अंगठ्याकडे जाणारी कळ बहुधा एल-फाय नसेची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या नसेची असते. पोटरीतून टाचेकडे आणि करंगळीकडे जाणारी असेल तर तिच्या खालच्या एस-वन नसेची. आणि नुसतीच कंबर धरली असेल, पायात काहीच नसेल, तर या तिन्ही इंजेक्शनांचा उपयोग मुळात कमीच. पायात जाणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी ती असतात.

माझे मामा माथाडी कामगार. मूळचे पाटणकडचे, आता कोपरखैरण्यात राहतात. सगळं आयुष्य एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोण्या वाहण्यात गेलं. गेल्या पावसाळ्याआधी त्यांचा उजवा पाय धरला. बसलं की कळ, शिंकलं की कळ, रात्री कुशीवर वळलं तरी कळ, आणि ती थेट अंगठ्यापर्यंत. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली, मध्येच कुणीतरी सांगितलं म्हणून मालिशही झालं. शेवटी आमच्या सरांना दाखवलं. इंजेक्शन ठरलं म्हटल्यावर मामांचा पहिला सवाल, "आगं, दुखतंय पायात आन् सुई मारनार कंबरंत व्हय?"

हाच प्रश्न 1934 सालापर्यंत भल्याभल्या डॉक्टरांनाही नीट सुटलेला नव्हता. त्या वर्षी बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिलं की पायातली ही कळ बऱ्याचदा मणक्यांमधल्या फाटलेल्या गादीमुळे येते. गादीचं वेष्टण फाटून आतला गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर बसतो. नस नुसती दाबली जाते असं नाही. त्या गरातली रसायनं तिला चिडवतात, ती सुजते. म्हणूनच कधी कधी गादी भली मोठी बाहेर आलेली असते तरी पेशंट हिंडत असतो, आणि कधी इवलीशी असूनही माणूस रडकुंडीला येतो. स्टिरॉइड ही सूज उतरवतं. गादी आत ढकलत नाही, फाटलेलं शिवत नाही. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं आणि बहुतेकांचा पाय दीड ते तीन महिन्यांत बराच निवळतो. इंजेक्शन द्यायचं ते मधल्या काळात माणसाला झोप यावी, चार पावलं टाकता यावीत, व्यायाम करता यावा म्हणून. मात्र लघवी अडणं, शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा येणं किंवा पाऊल लुळं पडणं, यातलं काही झालं तर इंजेक्शनाचा विचारही करत बसू नका. ते तातडीचं ऑपरेशनचं काम असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता वाटा. नसा ज्या पिशवीतून खाली येतात तिच्या बाहेर एक पोकळी असते, एपिड्युरल. औषध तिथे सोडायचं. पोकळी एकच, पण तिच्यात शिरायची दारं तीन. इंटरलॅमिनरमध्ये पाठीमागून, दोन मणक्यांच्या कमानींमधून सरळ शिरतात. कॉडलमध्ये अगदी खालून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला शेवटी एक नैसर्गिक भोक असतं तिथून. ट्रान्सफोरॅमिनलमध्ये बाजूने, ज्या खिडकीतून नस बाहेर पडते त्या खिडकीतच सुई नेतात. सरांनी हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हंजी बांधावरनं पानी सोडायचं का थेट बुडख्याला घालायचं, येवढाच फरक की." सर हसले. मीही इतक्या वर्षांत इतकं सोपं करून कुणाला सांगू शकले नव्हते.

मामांचं ठरलं ते ट्रान्सफोरॅमिनल. एकाच बाजूची, एकाच नसेची कळ, एमआरआयही तेच सांगत होता, अशा वेळी बहुतेक डॉक्टर हीच वाट धरतात. गादी चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली, पण ती दाबत होती पाचवी नस, आणि ही नस बाहेर पडते पाचव्या मणक्याच्या खालून. म्हणजे फाटलंय एका मजल्यावर आणि सुई जाणार खालच्या मजल्यावर. पेशंट रिपोर्ट वाचून आलेला असला की इथे हमखास घोळ होतो आणि चुकीच्या जागी टोचलं म्हणून भांडण होतं.

टेबलावर मामांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली म्हणजे कंबरेची कमान सपाट होते. पूर्ण भूल देत नाहीत, फक्त कातडी बधिर करतात. पेशंट जागा असलेला बरा, सुई नसेला लागली तर पायात करंट गेल्याचं तो लगेच सांगतो. मी सी-आर्म आधी सरळ लावला, मणके मोजले, मग पाचव्या मणक्याची वरची कड पडद्यावर एकच रेघ दिसेपर्यंत मशीन डोक्याच्या बाजूला कलवलं. कड दुहेरी दिसत असेल तर मणका तिरपा दिसतोय आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. त्यानंतर मशीन उजवीकडे तिरकं केलं. या कोनातून मणका एका छोट्या कुत्र्यासारखा दिसतो, आमच्या धंद्यात त्याला स्कॉटी डॉगच म्हणतात. नाक, कान, मान सगळं दिसतं. सुई जाते ती कुत्र्याच्या डोळ्याच्या जरा खाली. पाचव्या मणक्यापाशी कंबरेचं रुंद हाड आडवं येतं, तेव्हा ते चुकवायला मशीन आणखी थोडं कलवावं लागतं. हा कोन जमवण्यात माझा वेळ जातो, टोचण्यात डॉक्टरांचा फारसा जात नाही.

सुई जागेवर आली असं दोन्ही बाजूंनी दिसलं. सरांनी सिरिंज मागे ओढून पाहिली, रक्त आलं नाही. मग थोडासा डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडला आणि मी पायाखालचं बटण दाबून धरलं. डाय एका बारीक रेघेसारखा वर पळाला आणि नाहीसा झाला. सुईचं टोक रक्तवाहिनीत होतं. रक्त मागे आलं नव्हतं, तरीही होतं. सरांनी सुई जराशी मागे घेतली, फिरवली, पुन्हा डाय. या वेळी तो हलला नाही. नसेच्या दोन्ही कडांनी उतरत गेला आणि थोडा वर, मणक्याच्या आतल्या बाजूला चढून थांबला. पडद्यावर पांढऱ्या-करड्यात नसेचा आकार उमटला. मामा म्हणाले, "आत्ता जिथं भरल्यागत वाटतंय ना, तिथंच दुखतंय बगा." सरांनी मग औषध दिलं, सगळं मिळून चहाच्या चमच्याच्या निम्म्याएवढंही नसेल.

लोक विचारतात, डायचा खर्च कशाला, थेट औषध का देत नाहीत? ही पळालेली रेघ, यासाठी. मेथिलप्रेडनिसोलोन आणि ट्रायमसिनोलोन ही स्टिरॉइडं दुधाळ असतात, त्यांत कण असतात. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी, अ‍ॅडमकिविझची म्हणतात तिला, बहुतेकांत डाव्या बाजूने आणि कंबरेच्या वरच्या भागात किंवा त्याहून वर आत शिरते, पण काहींत ती खालूनही येते. असे कण अशा धमनीत गेले तर तिथे अडकून मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पाय कायमचे गेल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. अगदी क्वचित, पण गेल्या आहेत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल 2014 मध्ये कण्याच्या स्टिरॉइड इंजेक्शनांबद्दल इशारा दिला, त्यात पक्षाघात, दृष्टी जाणं आणि मृत्यू यांचा उल्लेख होता. पुढच्या वर्षी तिथल्याच तज्ज्ञांच्या गटाने सुचवलं की कंबरेच्या ट्रान्सफोरॅमिनलसाठी आधी डेक्सामेथासोन वापरावं. ते पाण्यासारखं नितळ असतं, कण नसतात. ते कमी दिवस टिकतं अशी तक्रार काही डॉक्टर करतात, पण कंबरेवरच्या चाचण्यांत फार मोठा फरक दिसलेला नाही. मानेच्या ट्रान्सफोरॅमिनलमध्ये तर दुधाळ औषध नकोच, असं त्या गटाचं म्हणणं. मामांना डेक्सामेथासोनच दिलं. कुपीवरचं नाव मी स्वतः मोठ्याने वाचते, ती माझी सवय आहे.

इंटरलॅमिनर बघायला मला आवडतं, कारण त्यात डॉक्टरांचा हात कामाला लागतो. टोकाशी किंचित वळलेली जाड सुई, मागे सलाइन किंवा हवा भरलेली सिरिंज. कण्यातलं पिवळं अस्थिबंध चिवट असतं, त्यात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. सुई पार झाली की दट्ट्या एकदम सैल पडतो. त्या क्षणी थांबायचं, अजून दोन-तीन मिलिमीटर पुढे गेलं तर नसांभोवतीची ती पाण्याची पिशवी फुटते आणि पेशंटचं डोकं पुढचे काही दिवस उभं राहिलं की ठणकतं. औषध जास्त लागतं, साधारण ट्रान्सफोरॅमिनलच्या दोन-तीन पट, आणि ते पसरतं दोन्ही बाजूंना आणि वर-खाली. दोन्ही पाय दुखतात किंवा एकापेक्षा जास्त मजल्यांवर नसा दबल्यात, तिथे हे सोयीचं. अडचण अशी की औषध बहुतेक पाठीच्या बाजूला साठतं आणि गादी असते पोटाच्या बाजूला. काही डॉक्टर म्हणून मधोमध न जाता दुखऱ्या बाजूला सरकून टोचतात.

आमच्या खारीगावातल्या एका आजींना कण्यातला नसांचा कालवा अरुंद झाल्याने, म्हणजे स्टेनोसिसमुळे, थोडं चाललं की पाय जड होतात. बाजारात जाताना दर दुकानाच्या पायरीवर बसतात, पुढे वाकल्या की बरं वाटतं. त्यांच्या मुलाने मला इंटरलॅमिनरबद्दल विचारलं तेव्हा मी जरा थंडच उत्तर दिलं. स्टेनोसिसच्या 400 पेशंटांवरचा एक मोठा अमेरिकन अभ्यास 2014 मध्ये आला. निम्म्यांना भुलीच्या औषधात स्टिरॉइड मिसळून दिलं, निम्म्यांना नुसतं भुलीचं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच. फाटलेल्या गादीची गोष्ट वेगळी, तिथे सूज ताजी असते. ऑस्ट्रेलियातल्या 2010 च्या अभ्यासात ट्रान्सफोरॅमिनल स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांचं पायाचं दुखणं निम्म्याहून कमी झालं, बाकीच्या गटांत हा आकडा फार तर 21. पण सगळ्या प्रकारची इंजेक्शनं आणि सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास तपासणारी संस्था) सरासरी फायदा दुखण्याच्या मापावर शंभरापैकी पाचेक गुणांचा निघाला आणि तोही थोड्याच काळाचा. सरासरीत मामाही असतात आणि आजीही असतात, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायचा.

कॉडल ही सगळ्यात जुनी वाट. पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथलँ यांनी 1901 मध्ये वेगवेगळं काम करून ती दाखवली, तेव्हा स्टिरॉइड जन्मालाही आलं नव्हतं. खालून शिरायचं, पिशवी तिथून बरीच वर संपलेली असते म्हणून ती फुटण्याची भीती कमी. पण औषधाला कंबरेपर्यंत चढायचं तर सलाइन मिसळून पंधरा-वीस मिली द्यावं लागतं आणि चढेपर्यंत ते पातळ होतं. मग कॉडल कुणाला? माझ्या आत्याला. तिचं कळव्यात असताना कण्याचं ऑपरेशन झालंय. एकदा कमान काढून टाकली की तिथे वण धरतो, पिवळं अस्थिबंध राहत नाही, दट्ट्या सैल पडायची खूण मिळत नाही, म्हणून मागून जाणं नकोसं होतं. तिच्यासाठी खालचं दार बरं.

आणि याच आत्याची गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं. आमच्याकडे येण्याआधी ती दुसऱ्या एका ठिकाणी गेली होती, नाव घेत नाही. तिथे तिला तीन कॉडलचं पॅकेज घ्यायला लावलं, पैसे आधी. पहिल्यात बरं वाटलं तरी दुसरं, वाटलं नाही तरी दुसरं. तिन्ही बोटाने चाचपून, सी-आर्मशिवाय, डायशिवाय. हाताला त्या भोकाच्या दोन कडा लागतात हे खरं, पण काहींत भोक अरुंद असतं, काहींत जवळपास बुजलेलं. चांगल्या सरावाच्या हातांनी चाचपून दिलेल्या कॉडलमध्येही साधारण चारात एकदा सुई भलतीकडे असते, असं जुन्या अभ्यासांत दिसलंय. आत्याची चारातली एक होती की नव्हती हे कळायला काहीच मार्ग नाही, कारण फोटोच नाही. तीन इंजेक्शनांचा "कोर्स" असतो या समजुतीला आधार नाही. एक द्यायचं, दोन-तीन आठवडे बघायचं, मग ठरवायचं. वर्षात तीन-चाराच्या पुढे बहुतेक डॉक्टर जात नाहीत, कारण स्टिरॉइड हाडांवरही बसतं.

आता मामांकडे. टेबलावरून उठले तेव्हा कळ गायब. पाय जरा लुळा, तासाभरात ठीक. रिक्षातून कोपरखैरण्याला जाताना फोनवर गावाकडे सगळ्यांना सांगून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, "पोरी, समदं परत आलं की!" येणारच होतं. पहिल्या दिवसाचा आराम स्टिरॉइडसोबत दिलेल्या भुलीच्या औषधाचा असतो, तो काही तासांत उतरतो. स्टिरॉइडला दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडा. हे आधी सांगूनही लोक विसरतात आणि मधल्या दिवसात दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. मामांना शुगर आहे, तीही चार-पाच दिवस चढली, त्यासाठी गोळ्यांचा डोस आधीच बोलून ठेवला होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरनेच सांगायचं, स्वतःच्या मनाने नाही. इन्शुरन्सचंही आधीच विचारा. एका दिवसाचं काम म्हणून कॅशलेस नाकारणारे भेटतात आणि मग पैशांसाठी सहा-सहा मेल करावे लागतात.

आठवड्याभरात मामांची झोप परतली. पाय पूर्ण सुटला नाही, अंगठ्याला मुंग्या अजून आहेत. मार्केटला जातात, पण गोणी उचलत नाहीत, तोलाईच्या काट्यापाशी उभे राहतात, आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही.

आत्याचं मात्र अडलं. आमच्या सरांनी विचारलं, आधी काय दिलं, किती, कुठल्या मजल्यावर? तिच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, "पाठीत इंजेक्शन दिले." औषधाचं नाव नाही, मिलिग्रॅम नाही, वाट नाही. वर्षभरात किती स्टिरॉइड गेलंय हे माहीत नसताना पुढचं कसं द्यायचं? शेवटी सरांनी तीन महिने थांबायला सांगितलं. तेव्हा तुमच्याकडे कुणाचं ठरलंच असेल, तर घरी निघायच्या आधी कार्डावर एवढं लिहून घ्या: कुठली वाट, कुठला मजला, कुठली बाजू, कुठलं स्टिरॉइड, किती मिलिग्रॅम, डाय वापरला की नाही. आणि डाय पसरल्याचा पडद्यावरचा फोटो मागा. मशीनमध्ये तो साठवलेला असतो, छापून द्यायला आम्हाला दोन मिनिटं लागतात.